करवंटीचा कोळसा आणि पाण्याची शुद्धी

कोकणात नारळ फोडून खोबरे काढले की करवंटी चुलीत तरी जाते, नाही तर परसात पडून राहते. वस्तुतः अशुद्धी शोषून घेणाऱ्या कोळशासाठी हा उत्तम कच्चा माल होय. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, विषारी वायूपासून सैनिकांचे रक्षण करणाऱ्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत करवंट्या व फळांच्या कोया मुद्दाम गोळा करण्यात आल्या होत्या.

कोळसा करण्याची रीत सोपी आहे. तळाशी भोके पाडलेले २०० लिटरचे लोखंडी पीप घ्यावे. कीटकनाशक किंवा अन्य रसायन साठवलेले पीप मुळीच वापरू नये. वस्तीपासून दूर, मोकळ्या जागी ते विटांवर ठेवावे. वाळलेल्या करवंट्यांचा थर पेटवावा व त्या खाली बसतील तसतशी भर घालावी. दाट पांढरा धूर जाऊन तो विरळ व निळसर दिसू लागला, म्हणजे झाकण लावून सर्व फटी चिखलाने लिंपाव्यात. पीप पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. गरम असता उघडल्यास कोळसा पेट घेतो. १०० किलो करवंट्यांपासून सुमारे २५ ते ३० किलो कोळसा मिळतो.

मात्र हा कोळसा अद्याप ‘सक्रिय’ नव्हे. कारखान्यात सुमारे ८०० ते १,००० अंश सेल्सियस उष्णतेवर त्यावर वाफ सोडतात. त्यामुळे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे १० गुंठे भरतो! हे काम घरी होण्यासारखे नाही. म्हणून गावकऱ्यांनी एकत्र येऊन कोरडा, राखविरहित कोळसा कारखान्यांना विकणे हाच किफायतशीर मार्ग होय.

ग्रामसेवकांनी एक गोष्ट गावात आवर्जून सांगावी. सक्रिय कोळसा पाण्याचा वास, रंग व अनेक कीटकनाशकांचे अंश शोषून घेतो. परंतु रोगजंतू, फ्लोराइड, नायट्रेट व खारेपणा यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय तो क्लोरीनही काढून टाकतो. म्हणून पाणी आधी कोळशातून गाळावे आणि नंतरच उकळावे किंवा त्यात क्लोरीन घालावे. कोळसाही वेळोवेळी बदलावा. जुन्या कोळशात जंतू वाढतात.

नितळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी, आणि मगच उपाय योजावा.