दाभोशाचा हिवाळा

जव्हार-मोखाड्याच्या पठारावर थंडी दिवाळीच्या आगेमागे उतरते. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर समुद्राच्या उबेने थंडी बोथट होते. ती ऊब इथवर पोचत नाही. पाऊस सरला की आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी होते. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि जड झालेली गार हवा उतारावरून खाली सरकून दरीत साचते. त्यामुळे लेंडी नदीच्या खोऱ्यात पहाटेचा गारठा अधिक जाणवतो. याच नदीवरचा, सुमारे तीनशे फुटांवरून कोसळणारा दाभोशाचा धबधबा या दिवसांत बारीक होतो आणि पर्यटकांना दरीत उतरणे सोपे जाते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी कुटुंबांसाठी मात्र हे वर्षातले सर्वांत धावपळीचे महिने असतात.

कामाची सुरुवात खळ्यावर होते. शेताजवळची सपाट जागा साफ करून, ठोकून घट्ट केली जाते आणि शेणाने सारवली जाते. खाचरातले भात कापून, भारे बांधून ते खळ्यावर आणतात आणि उडवी रचतात. मग झोडणी. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून फळीवर किंवा दगडावर आपटली की दाणे सुटून खाली पडतात. पुढे सुपाने उपणताना वारा फोल उडवून नेतो. उतारावरच्या वरकस जमिनीतली नागली, वरई, उडीद आणि खुरासणी यांचीही काढणी याच सुमारास येते. नागलीची कणसे आधी वाळवावी लागतात, मग काठीने बडवून दाणे काढतात. धान्य घरी येते ते कणगीत, म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणून शेणाने लिंपलेल्या मोठ्या पात्रात. वाया काहीच जात नाही. पेंढा जनावरांना आणि छपराला उपयोगी पडतो, तूस चुलीला.

खाण्यापिण्याच्या दृष्टीने हा वर्षातला सुखाचा काळ. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, नव्या तांदळाचा भात हे सगळे घरचेच असते. वाघबारशीला वाघोबाची पूजा होते, दिवाळीत चवळीच्या शेंगा आणि जंगलातले कंद शिजतात. दुधी भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा याच दिवसांत वाजू लागतो आणि हातांची साखळी धरून नाच रंगतो. आषाढ-श्रावणात जुने धान्य संपत आलेले असते आणि नवे शेतात उभे असते. ते दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांनाच भरलेल्या कणगीची किंमत कळते.

घरेही थंडीसाठी सावरली जातात. कारवीच्या काठ्यांचा कूड शेणमातीने पुन्हा लिंपला की फटींतून येणारा वारा थांबतो. नवा पेंढा किंवा गवत छपरावर चढते, कौलारू घरांची कौले नीट बसवली जातात. बायका दिवाळीनंतरच जळणाच्या मोळ्या रचू लागतात. संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटते, म्हातारी माणसे तिच्याभोवती उशिरापर्यंत बसतात आणि रात्री चुलीतले निखारे राखेखाली जपून ठेवले जातात. अपुऱ्या पांघरुणात थंडी काढणाऱ्या घरात ही आग गरजेचीच असते. पण बंद खोलीतल्या धुराने लहान मुलांना खोकला लागतो, हेही खरे.

इतके सगळे घरात असताना माणसे गाव सोडतात, आणि इथल्या हिवाळ्यातली खरी कळीची गोष्ट हीच आहे. जमिनीचा तुकडा लहान, पीक एकच आणि तेही पावसावरचे. कणगीतले धान्य पुढच्या पिकापर्यंत पुरत नाही आणि मीठमिरची, कपडे, औषध, लग्न यांना रोख पैसा लागतो. पावसाळ्यातच भट्टीमालकाकडून आगाऊ घेतलेली उचलही फेडायची असते. म्हणून दिवाळी आटोपली की भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, धान्याची गोणी आणि मुले एकत्र चढतात. पाड्यावर उरतात ती बहुतेक म्हातारी माणसे आणि गुरे.

भट्टीवर हिवाळी घर नव्याने थाटावे लागते. कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून उभ्या केलेल्या या झोपडीला भोंगा म्हणतात. ती इतकी बुटकी असते की वाकूनच आत शिरावे लागते. माती तुडवून तयार करायची, साच्यात घालून विटा थापायच्या, त्या उलटून वाळवायच्या. काम पुष्कळदा मध्यरात्रीनंतर, ऐन थंडीत सुरू होते, कारण ऊन चढण्याआधी थापणी उरकावी लागते. गार चिखलात हात घालून नवरा-बायको दोघेही राबतात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते, आठवड्याला फक्त खर्चीपुरते पैसे हातात पडतात आणि उरलेल्या मजुरीतून हंगाम संपताना उचल वळती केली जाते. वेठबिगारी संपवणारा कायदा 1976 साली झाला, तरी उचलीच्या ओझ्याखाली माणूस अडकण्याचा धोका कायम आहे.

सर्वांत जास्त किंमत मुले मोजतात. शाळा ऐन भरात असताना ती गाव सोडतात. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ भरवून हा प्रश्न सरकारच्या नजरेस आणला. आईबाप स्थलांतरित झाले तरी मुलांना गावातच राहता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, आश्रमशाळाही आहेत. जिथे ही सोय वेळेवर, म्हणजे ट्रक निघण्याआधी सुरू होते, तिथेच तिचा उपयोग होतो.

गावातच काम मिळाले तर माणसे थांबतात. महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, 2005 मध्ये देशभरासाठी असा कायदा आला. पण मजुरी उशिरा मिळाली की हातात आधी पडणारी उचलच जवळची वाटते. शेतीतून मिळालेला आधार अधिक टिकाऊ ठरला आहे. खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा येतो. ‘बायफ’ संस्थेच्या वाडी प्रकल्पातून उतारांवर आंबा-काजूची झाडे उभी राहिली आणि मोगऱ्याचे ताटवेही फुलले. काही शेतकरी इथल्या गार रात्रींचा फायदा घेऊन स्ट्रॉबेरी पिकवतात.

या सगळ्याला पाणी लागते आणि तेच अडचणीचे आहे. पावसाळ्यात या भागावर धो धो पाऊस पडतो, पण खालचा काळा बेसाल्ट खडक पाणी फारसे मुरू देत नाही आणि उतारावरून ते वाहून जाते. वैतरणेवरच्या धरणांतले पाणी मुंबईला जाते. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचेही तसेच. जानेवारी सरता सरता पाड्यांवरच्या विहिरी तळाला जाऊ लागतात आणि बायकांची हंड्याची वाट लांबते. पुढे टँकर सुरू होतात. सिमेंटचे बंधारे, दगडी नाला बांध आणि वनराई बंधारे यांनी पावसाळा संपताच पाणी अडवले, तर विहिरींना काही आठवडे जास्त मिळतात. म्हणून वाळू-मातीच्या गोण्या रचून ओहोळ अडवण्याचे काम खळ्याच्या घाईतही उरकावे लागते.

माघात थंडी ओसरू लागली की गावात उरलेली माणसे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, झाडांच्या फांद्या तोडून वाळत घालतात. फाल्गुनात होळीसाठी भट्टीवरची कुटुंबे चार-आठ दिवस घरी येतात, मोखाडा-जव्हारच्या गावांत मुखवटे घालून बोहाडा नाचला जातो आणि सण सरला की बरीच कुटुंबे पुन्हा भट्टीवर परततात, ती पावसाच्या तोंडावर पेरणीसाठी परत येईपर्यंत.