बाळाच्या टाळूवर कोण राहतं?

प्रयोगशाळेत वाढवायला अवघड अशी एक बुरशी आहे. काचेच्या बशीत नेहमीचं पोषक द्रव्य दिलं तरी ती उगवत नाही. मग तंत्रज्ञ त्यावर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर देतात आणि ती तरारून वर येते. तिचं नाव मॅलासेझिया. लुई-शार्ल मॅलासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1874 मध्ये डोक्याच्या त्वचेच्या खवल्यांत ती पाहिली, म्हणून पुढे तिला त्याचं नाव मिळालं. तुमच्या-माझ्या डोक्यावर ती आत्ताही आहे. सांगवीतल्या एखाद्या घरात कालच पाचवी पुजलेल्या बाळाच्या डोक्यावरही ती पोचली असेल, नाहीतर वाटेवर असेल.

बारसं उरकतं, पाहुणे पांगतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या हाताला टाळूवर काहीतरी खरखरीत लागतं. बघावं तर पिवळट, तेलकट, जाडसर पापुद्रा. कधी तो भुवयांतही दिसतो, कधी कानामागे. बाळ खुशाल दूध पितं आणि झोपतं; त्याला बहुधा खाजही नसते. अस्वस्थ होतात ती मोठी माणसं.

मुळा आणि पवना जिथे एकमेकींना भेटतात त्या टोकाला सांगवी वसलेली आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारी, राज्यभरातून आलेली कुटुंबं आज जुन्या-नव्या सांगवीत राहतात. बाळंतपणाला गावाकडून आजी येते, ती आपलं तेल सोबत घेऊनच. कुणाचं घाण्याचं खोबरेल, कुणाचं तिळाचं, कुणाचं करडईचं. खपली दिसली की आजी म्हणते, "बाई नीट घासत नाही, मळ साठलाय." मावशी म्हणतात, "तेल कमी पडतंय, टाळू कोरडी पडलीय." दोघींचं निदान चुकतं. तिथे तेल जास्त झालेलं असतं, आणि त्यातलं बरंचसं बाळाच्या त्वचेनं स्वतःच बनवलेलं असतं.

तीन आठवड्यांच्या जिवाची त्वचा इतकं तेल का बनवते, याचं उत्तर गर्भाशयात आहे. केसाच्या प्रत्येक मुळाशी एक स्निग्ध ग्रंथी असते. आईच्या रक्तातली आणि वारेत तयार होणारी संप्रेरकं गर्भाच्या या ग्रंथींना जागं करतात. जन्मताना बाळाच्या अंगावर जो पांढरा, चिकट लेप असतो, त्यात याच ग्रंथींचा मोठा वाटा असतो. पाण्यात महिनोन्‌महिने राहणाऱ्या त्वचेचं तो रक्षण करतो. बाळ जन्मतं, नाळ कापली जाते, पण ग्रंथी लगेच थांबत नाहीत. शिवाय पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची संप्रेरकंही थोडा काळ उसळी घेतात. म्हणून तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर कधीकधी चक्क मुरुमं येतात आणि डोक्यावर ही खपली धरते. वर्षाच्या आत या ग्रंथी शांत होतात आणि मग कित्येक वर्षं जवळजवळ झोपूनच असतात.

आता बुरशीकडे. ती बाळाकडे येते मुख्यतः आईच्या त्वचेवरून. छातीशी धरताना, पाजताना, गालाला गाल लावताना. यात आईचं काही चुकत नाही. आपल्या सगळ्यांना ती अशीच कुणाकडून तरी मिळालेली असते. 2007 मध्ये मॅलासेझियाच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट समोर आली. मेदाम्लं बनवायला लागणारं महत्त्वाचं जनुकच तिच्याकडे नाही. प्रत्येक पेशीचं आवरण मेदाम्लांपासून बनतं, आणि ही बुरशी ती स्वतः तयारच करू शकत नाही. माणसाच्या कातडीवर तयार तेल मिळत राहिल्यामुळे हे कसब तिनं कधीतरी सोडूनच दिलं.

त्याच जनुकांनी तिचं घराणंही सांगितलं. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, शेतकरी त्याला काणी पडली म्हणतात. ती काणी आणि मक्यावरची काणी ज्या बुरशींमुळे पडते, त्यांची मॅलासेझिया लांबची नातलग आहे. लातूर किंवा सोलापूरच्या शेतात ज्या आजीनं आयुष्यभर काणीला नावं ठेवली, तिच्याच नातवाच्या टाळूवर त्या कुळातली एक शाखा नांदत असते. समुद्राच्या तळाशी, उष्ण झऱ्यांच्या आसपासही या बुरशीच्या डीएनएचे माग मिळाले आहेत. एवढ्या जगात पसरलेल्या जिवाला सांगवीतलं बाळाचं डोकं म्हणजे तेलाचं आयतं कोठार.

ती जेवते कशी, ते पाहिलं की खपली कशी धरते हेही कळतं. त्वचेच्या तेलाचे रेणू ती आपल्या पाचकद्रव्यानं तोडते, हवी ती मेदाम्लं उचलते आणि नको ती मागे टाकते. या उरलेल्यांत ओलेइक आम्ल असतं आणि ते नाजूक त्वचेला चिडवतं. चिडलेली त्वचा घाईनं नव्या पेशी बनवते. एरवी मृत पेशी एकेक करून, डोळ्यांना न दिसता गळतात. आता त्यांचे पुंजके निघतात. वरून चिकट तेल असतंच. पेशी त्यात रुततात, थरावर थर बसतो. म्हणजे या एका पापुद्र्यात आईची संप्रेरकं, बाळाच्या ग्रंथी आणि काणीच्या कुळातली बुरशी अशा तिघांची करणी आहे. ही खपली एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही आणि ती अस्वच्छतेचाही पुरावा नाही.

इथे आपली टाळू भरण्याची रीत मध्ये येते. ओंजळभर कोमट तेल टाळूवर थापायचं, जिरू द्यायचं, वरून टोपडं किंवा कुंची. शिवाय तिथलं हाड अजून जुळलेलं नसतं, नाडी उडताना दिसते, म्हणून त्या जागी हात लावायला सगळेच बिचकतात. तेल नेमकं तिथे सर्वांत जास्त पडतं आणि धुणं नेमकं तिथेच सर्वांत कमी होतं. खरं तर त्या मऊ जागेखाली चिवट पडदा असतो. बोटांच्या पेरांनी हलकेच धुतल्यानं तिथे इजा होत नाही. ती जागा साधारण वर्ष ते दीड वर्षात आपोआप भरून येते. तेल थापल्यानं ती लवकर भरत नाही.

मग तेल बंद करायचं का? नाही. तेलानं खपली मऊ होते आणि ओढाताण न करता सुटते. पण तेच तेल डोक्यावर मुरवत ठेवलं तर बुरशीला जेवणाचं ताट वाढल्यासारखं होतं. घरचा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे: लावलेलं तेल परत काढायचं.

अंघोळीआधी अर्धा चमचा तेल खपलीवर बोटांनी हळुवार चोळावं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबावं. मग तान्ह्या मुलांच्या मऊ ब्रशनं किंवा सुती फडक्यानं गोल गोल फिरवत सुटेल तेवढंच सोडवावं. नंतर बाळाचा सौम्य शांपू लावून कोमट पाण्यानं डोकं नीट धुवावं, तेलाचा ओशटपणा हाताला लागेनासा होईपर्यंत. हे आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. 2019 पासून पिंपरी-चिंचवडमध्ये पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे पाणी येण्याच्या दिवशी डोकं धुतलं तरी भागतं. एका बैठकीत सगळी खपली काढायचा हट्ट नको. जी चिकटून आहे तिच्याखाली कोवळी कातडी आहे. नखानं उचकटलं तर रक्त येतं आणि जंतूंना दार उघडं होतं.

तेल कोणतं? ऑलिव्ह तेलात निम्म्याहून अधिक ओलेइक आम्ल असतं. तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या तेलातही ते बरंच असतं, खोबरेलात अगदी थोडं. बेबी ऑइल म्हणून मिळणाऱ्या खनिज तेलात आणि व्हॅसलीनमध्ये मेदाम्लंच नसतात, त्यामुळे त्यांतून बुरशीला खाद्य मिळत नाही. मोहरीचं तेल त्वचेला झोंबतं, ते टाळावं. लिंबू, खायचा सोडा, जाड डाळीच्या पिठानं घासणं आणि मोठ्यांचा कोंड्याचा शांपू, हे सगळं बाळाच्या डोक्यापासून दूर बरं. बाळाची त्वचा औषधं झपाट्यानं शोषून घेते. मालिश स्वतः वाईट नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलानं मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन अधिक वेगानं वाढलेलं दिसलं. पण ती गोष्ट अंगाची आणि वजनाची. टाळूवर तेल साठवायला ती परवानगी नव्हे.

घरच्या उपायांनी थांबायचं कुठे, हेही कळायला हवं. आशाताई, म्हणजे आशा आरोग्यसेविका, नवजात बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. या पद्धतीचं मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि 2011 पासून तशा भेटी देशभर सुरू झाल्या. खपली बहुधा धरते ती शेवटच्या दोन-तीन भेटींच्या सुमारास, तेव्हा टोपडं काढून आशाताईंना डोकं दाखवावं. पुवाचे फोड, लाल ओली झालेली त्वचा, दुर्गंधी, रक्त, मानेच्या किंवा जांघेच्या घडीत पसरलेली लाली, बाळाला झोपू न देणारी खाज, केस तुटून पडलेले चट्टे, किंवा वर्ष उलटूनही न हटणारी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवायचं. खपलीबरोबर सतत जुलाब होत असतील, वजन वाढत नसेल, अंगावर रक्ताळ ठिपके असतील तर वाट पाहायची नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर, खपली असो वा नसो, लगेच दवाखाना. सांगवी फाट्याजवळचं औंधचं जिल्हा रुग्णालय त्यासाठी जवळ आहे.

खपली निघताना तिच्याबरोबर थोडे केसही येतात आणि घरात पुन्हा घबराट होते. पण दोन-तीन महिन्यांच्या आसपास जन्मापासूनचे केस एकदमच विश्रांतीला जाऊन गळतात, तो त्यांचा ठरलेला क्रम आहे. त्या जागी नवे येतात. बऱ्याच घरी वर्षाच्या आत जावळ काढतात. नेमकी तेव्हाच खपलीचीही जायची वेळ झालेली असते, म्हणून श्रेय जावळाला मिळतं. कुठे ते घाण्याच्या तेलाला मिळतं, कुठे महागड्या क्रीमला. आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यावर प्रत्येक औषध लागू पडतं. म्हणूनच उपचार तपासायचे तर काही बाळांना ते द्यावे लागतात, काहींना देत नाहीत, आणि मग दोघांत फरक पडतो का ते पाहावं लागतं. जगभरातले असे प्रयोग गोळा करून 2019 मध्ये कॉक्रेन संस्थेनं आढावा घेतला, तर हाती लागले अवघे 6 प्रयोग आणि त्यांत 310 मुलं. त्यांवरून कोणताही उपाय खात्रीनं सरस ठरवता आला नाही. इतक्या घरांत दिसणाऱ्या गोष्टीबद्दल विज्ञानाकडे एवढाच ऐवज आहे, आणि खपली आपोआप जाते हे लक्षात घेतलं तर फार काही न करणं हाही एक पर्याय आहे.

पापुद्रा गेला तरी मॅलासेझिया कुठे जात नाही. ग्रंथी झोपल्या की तिचं खाणं आटतं आणि ती गुपचूप, थोडक्यात भागवते. मग मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत जाते, ग्रंथी पुन्हा जाग्या होतात, यावेळी स्वतःच्याच संप्रेरकांनी. शाळेच्या गडद गणवेशाच्या खांद्यावर पांढरा कोंडा दिसायला लागतो. तेव्हाही घरात कुणीतरी म्हणेलच, डोकं कोरडं पडलंय, तेल लाव. त्या वेळी तेलाची बाटली बाजूला ठेवून शांपू हातात द्यावा.