मॅक्सिमला सोडायचं की नाही?

ब्रिस्टलमध्ये आम्ही नऊ-दहा मराठी माणसं महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. एरवी अर्धा तास पुस्तक आणि दोन तास चिवडा असा हिशोब असतो. गेल्या खेपेला उलटं झालं. बटाटेवडे गार झाले, चहा दुसऱ्यांदा करावा लागला आणि रात्री साडेदहाला शेजाऱ्यांनी भिंतीवर ठकठक केली! पुस्तक होतं डॅफ्नी दु मोरिए यांचं १९३८ सालचं 'रिबेका'.

पुस्तक मीच सुचवलं होतं. उन्हाळ्यात आम्ही कॉर्नवॉलला गेलो होतो, फॉय नावाच्या गावी. (स्पेलिंग बघून आपण 'फोवी' म्हणतो आणि तिथले लोक हसतात.) कादंबरीतली मँडर्लीची हवेली रंगवताना लेखिकेच्या डोळ्यांसमोर असलेलं मेनाबिली हे घर तिथून जवळच आहे. पुढे १९४३ पासून ती स्वतः तिथे भाड्याने राहिलीसुद्धा. घर खासगी आहे, आत जाता येत नाही. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. ही एवढी कॉर्नवॉलची कादंबरी तिने लिहायला घेतली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियात. नवरा लष्करात, त्याची नेमणूक तिकडे. तिथल्या उकाड्यात बसून तिने आपलं धुकं, आपला समुद्र आठवून लिहिला. हे परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको.

आता गोष्ट. ज्यांना वाचायची आहे त्यांनी पुढचे परिच्छेद सोडून द्या, मग मला बोल लावू नका. एका श्रीमंत बाईच्या सोबतीला पगारावर राहिलेली एक बुजरी मुलगी. माँटे कार्लोत तिची गाठ मॅक्सिम डी विंटर या विधुराशी पडते. झटपट लग्न होतं आणि ती मँडर्लीत येते. घरात सगळीकडे पहिली बायको रिबेका. तिचं अक्षर, तिच्या वेळा, तिची माणसं, आणि तिच्यावर जीव टाकणारी हाउसकीपर मिसेस डॅनव्हर्स. पुढे समुद्रात बुडालेली नाव सापडते, आत रिबेकाचं प्रेत असतं, आणि मॅक्सिम नव्या बायकोला सांगतो की मीच तिला गोळी घातली. मग तो पकडला जाणार की सुटणार, यात उरलेली पानं भराभर जातात.

आमच्यातले काका (चाळीस वर्षं इथे काढलेले, रहस्यकथांचे जुने भक्त) खूष होते. दोन रात्रींत संपवली म्हणाले. कोर्टातली चौकशी आणि शेवटी लंडनच्या डॉक्टरांकडून कळणारं सत्य, म्हणजे रिबेका गरोदर नव्हती तर तिला कॅन्सर होता, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की न वाचलेलेही पुढे सरकून बसले. आयटीतला एक मुलगा मात्र वैतागलेला. पहिली शंभर पानं काहीच घडत नाही, नायिका बुळी, तिला धड नावसुद्धा नाही! ते खरंच आहे, लेखिकेने तिला नाव दिलेलंच नाही.

"काहीच घडत नाही?" वहिनी एकदम बोलल्या. त्या कधी फारशा बोलत नाहीत. त्यांच्या मिस्टरांचं हे दुसरं लग्न, पहिली पत्नी आजारपणात गेली. (त्यांना विचारूनच लिहितेय.) "मी इथे आले त्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी मसाल्याचा डबा दाखवला. म्हणाल्या, हिंग इकडे ठेवायचा, ती इकडे ठेवायची. ती कोण, ते कोणी सांगितलं नाही." कादंबरीतली मुलगी चिनी मातीची एक मूर्ती फोडते आणि घाबरून तुकडे ड्रॉवरमध्ये लपवते, स्वतःच्याच घरात. ते वाचून वहिनींनी पुस्तक दोन दिवस बंद करून ठेवलं होतं म्हणे.

कोणाला काय बोलावं कळेना. तेवढ्यात ताईंनी खरा बॉम्ब टाकला. त्या दुभाषी म्हणून काम करतात, मारहाण झालेल्या बायकांबरोबर बऱ्याचदा बसतात. "त्याने बायकोला गोळी घातली. आणि तुम्ही सगळे तो सुटावा म्हणून पानं उलटत होतात? रिबेका दुष्ट होती, हे आपल्याला सांगतो कोण? तिला मारणारा!"

काका म्हणाले, डॅनव्हर्सही सांगते की ती पुरुषांची टिंगल करायची, त्यांना हसायची.

"हसायची. म्हणून गोळी?"

खरं सांगते, मी गप्प बसले, कारण मीही तो सुटावा म्हणूनच पानं उलटत होते. खुनाची कबुली ऐकताना त्या मुलीला धक्का बसत नाही, याचं रिबेकावर प्रेम नव्हतं एवढंच तिला ऐकू येतं आणि ती सुटकेचा श्वास सोडते. तिच्याबरोबर मीही सोडला होता. याला प्रेमकथा कसं म्हणायचं? लेखिकेलाही ते आवडत नसे; तिच्या मते ही मत्सराची गोष्ट होती. हिचकॉकने १९४० मध्ये सिनेमा केला तेव्हा हॉलिवूडच्या नियमांत खुनी सुटलेला चालत नव्हता, म्हणून त्यात रिबेका पडते आणि डोक्याला मार लागून मरते. मला ती पळवाट वाटते. नायकही स्वच्छ, आपणही स्वच्छ.

रविवारी सांगलीला फोन केला तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, हा तर 'कोहरा'!" बरोबर, हेमंतकुमारांचा १९६४ चा सिनेमा याच कादंबरीवरून केलेला. वहिदा, विश्वजित, आणि डॅनव्हर्सच्या जागी आपल्या येवल्याच्या ललिता पवार. आईचं मत आमच्या कोणाशीच जुळलं नाही. "मेलेल्या बाईची आठवण त्या घरात मनापासून काढणारी ती एकटीच होती. बाकीच्यांना घाई सुटलेली."

त्या रात्री निघताना आम्ही हात वर करून मत घेतलं. मॅक्सिमला सोडायचं म्हणणारे पाच, नाही म्हणणारे तीन. वहिनींनी हातच वर केला नाही.

माझी प्रत त्यांच्याकडेच आहे. परवा दुकानात भेटल्या तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "थोडे दिवस राहू दे. हे वाचतायत. ड्रॉवरपर्यंत आलेत."