काळजाची वीण

२९ सप्टेंबर हा जागतिक हृदयदिन. तेल कोणतं खावं आणि किती पावलं चालावं हे तेव्हा सांगून होतंच, त्यामुळे ते इथे नाही. मला बोलायचंय ते हृदयाच्या विणीबद्दल. निमित्त, फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, काढलेली दोन मानवी हृदयांची चित्रं. एक ६३ वर्षांच्या पुरुषाचं, दुसरं ८७ वर्षांच्या बाईंचं. २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अख्खं हृदय २० मायक्रॉनच्या बारकाव्याने, निवडक जागी तर त्याहूनही बारीक. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, यावरून काय ते समजा.

चित्रं देखणी आहेत, पण ती बघायची कशासाठी हे आधी कळायला हवं. हृदयाची एक स्नायुपेशी आकुंचन पावते तेव्हा तिची लांबी जेमतेम १५ टक्के कमी होते. आणि टू-डी एकोच्या रिपोर्टवर तर लिहिलेलं असतं, ईएफ ६० टक्के. म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर फेकतो. १५ टक्क्यांत ६० टक्क्यांचं काम कसं होतं? पेशींच्या रचनेमुळे. डॅनियल स्ट्रीटर यांनी १९६९ मध्ये कुत्र्याच्या हृदयावर मोजून दाखवलं की भिंतीच्या आतल्या बाजूचे तंतू एका अंगाला सुमारे ६० अंशांनी तिरके असतात आणि बाहेर येईपर्यंत तितकेच उलट्या अंगाला झुकतात. म्हणून हृदय मुठीसारखं नुसतं आवळत नाही. ओला पंचा पिळावा तसं ते पिळलं जातं. शिवाय पेशींचे चार-चार पेशी जाडीचे पापुद्रे असतात, ते एकमेकांवर सरकून उभे राहतात आणि भिंत जाड होते.

हे वाचून समजेना, म्हणून मागच्या रविवारी मटणाच्या दुकानात गेलो. तिथे काळीज मागितलं तर यकृत मिळतं. हृदय हवं तर ‘दिल’ म्हणावं लागतं.

“दोन दिल द्या. चिरू नका.”

“साहेब, अख्खं लवकर शिजत नाही. चिवट असतं.”

“खायचं नाही, उलगडून बघायचंय.”

दुकानदारांनी काही न बोलता पिशवी हातात दिली.

घरी कुकरच्या चार शिट्ट्यांत काही झालं नाही. आणखी सहा काढल्यावर वरची चरबी निघाली आणि खाली तिरके धागे दिसले, टोकाशी भोवऱ्यासारखे गरगर फिरलेले. नखाने सोलत गेलो तर वरचा थर तिरका सुटला, मधला जवळजवळ आडवा, आतला पुन्हा तिरका पण उलट्या बाजूला. हे सगळं बोटभर जाडीच्या आत. एक थर संपून दुसरा सुरू झाला अशी जागा मात्र कुठेच सापडली नाही. अंगठा नेईन तिकडे वाट होत गेली.

हाच खेळ एका माणसाने जन्मभर खेळला. फ्रान्सिस्को टोरेंट-ग्वास्प. सालामांकात वैद्यकीचे विद्यार्थी असताना, १९५० च्या दशकात, त्यांनी जनावरांची हृदयं उकळून हाताने सोलायला सुरुवात केली, आणि पुढे समुद्रकाठच्या देनिया गावात डॉक्टरकी करताना तेच चालू ठेवलं. त्यांचा दावा असा, की दोन्ही खालचे कप्पे मिळून स्नायूचा एकच लांब पट्टा आहे. फुप्फुसाच्या धमनीपाशी सुरू होतो, दोन वेढे घेतो, महाधमनीपाशी संपतो. हृदय हातात धरून ते तो पट्टा खरोखरच सरळ करून दाखवत, फेटा सोडावा तसा. बघणारे अवाक होत. मीही चित्रफीत तीनदा पाहिली.

शल्यविशारदांना तर ही कल्पना फारच भावली. लॉस एंजेलिसचे जेराल्ड बकबर्ग तिचे मोठे पुरस्कर्ते. फुगून गोल झालेलं हृदय शिवून निमुळतं केलं की तंतूंचा तिरकेपणा परतेल आणि पीळ पुन्हा बसेल, अशी मांडणी. २००९ मध्ये हजार रुग्णांवरच्या स्टिच चाचणीचा निकाल आला. नुसत्या बायपासच्या तुलनेत अशा शिवणीने हृदय लहान झालं, पण मृत्यू किंवा रुग्णालयाच्या खेपा कमी झाल्या नाहीत. रॉबर्ट अँडरसनसारखे शरीररचनातज्ज्ञ तर आधीपासून सांगत होते की हृदयाच्या पेशींना फाटे फुटतात, त्या सगळीकडून एकमेकींना जोडलेल्या असतात. ते जाळं आहे. पट्टा सोलणाऱ्याच्या अंगठ्यातून निघतो. माझ्या कुकरचा कौलही त्यांच्याच बाजूने.

मग यंत्राने निवाडा करावा, असं कुणालाही वाटेल. १९९४ मध्ये पीटर बासर आणि सहकाऱ्यांनी डिफ्युजन टेन्सर एमआरआयची रीत मांडली. पाण्याचे रेणू पेशीच्या लांबीच्या दिशेने जास्त सरकतात, आडवे कमी. त्यावरून पेशी कुठे तोंड करून आहे ते ओळखायचं. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये धडधडत्या हृदयावर ती वापरली गेली. काम अचाट होतं. पाणी सेकंदभरात साधारण ५० मायक्रॉन सरकतं आणि हृदय स्वतः सेंटीमीटरभर हलत असतं. म्हणून एका ठोक्याला खूण करायची आणि पुढच्या ठोक्याच्या नेमक्या त्याच क्षणी ती वाचायची.

पण यातून येणारी ती रंगीत दोऱ्यांची चित्रं जपून बघावीत. चित्राच्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी असतात आणि हाती येते ती त्यांची सरासरी दिशा. त्या दिशा संगणक जोडत जातो. हवामानाच्या नकाशावर वाऱ्याच्या रेषा असतात, म्हणून आकाशात कुणी दोर बांधलेले नसतात. या दोऱ्यांत पट्टा शोधणाऱ्याला पट्टा दिसतो, जाळं शोधणाऱ्याला जाळं.

या तंत्राची खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी आहे. १९५८ मध्ये लंडनचे डोनाल्ड टीअर यांनी अचानक दगावलेल्या तरुणांची हृदयं तपासली. भिंत एका बाजूला जाड आणि पेशींची वीण विस्कटलेली. आज त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. ही विस्कट तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसे, बहुतेकदा मृत्यूनंतर. २०१७ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी जिवंत रुग्णांत दाखवलं की या आजारात पेशींचे ते पापुद्रे हृदय सैल पडल्यावरही आकुंचनाच्याच ढंगात अडकून राहतात. २०२३ मध्ये तर ज्यांच्यात सदोष जनुक आहे पण भिंत अजून जाड झालेली नाही, अशांतही बिघडलेल्या विणीची चिन्हं सापडली.

आपल्याला यात रस असायला आणखी एक कारण आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेचे के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरांचा एक तुकडा भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत गळालेला असतो, आणि त्याचा कार्डिओमायोपॅथीशी संबंध आहे. त्यातले बहुतेक जण ठणठणीत जगतात. कोण आजारी पडणार, हे केवळ जनुकावरून सांगता येत नाही. वीण बघून सांगता येईल का, हा प्रश्न मला पट्टा की जाळं या भांडणापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

अडचण साधी आहे. एका ठोक्याला खूण करून पुढच्या ठोक्याला वाचायच्या त्या जुन्या पद्धतीने हे स्कॅन करायचं तर यंत्रात पडून पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागतो, दर वेळी पंधरा-वीस ठोके. ज्याचं हृदय थकलंय, त्याला नेमकं तेच जमत नाही.