मखराची लायटिंग घरीच बनवताय? प्लग लावायच्या आधी एवढं वाचा

गणपती म्हटलं की पेणचं नाव येणारच. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडतात आणि इकडे रोह्यापर्यंत घराघरांत मखराची तयारी सुरू होते. हल्ली त्यात एखादा हौशी भाचा सोल्डरिंग गन घेऊन बसलेला असतोच.

त्याला यूट्यूबवर हमखास सापडणारं सर्किट म्हणजे एक कपॅसिटर, चार डायोड आणि एलईडीची माळ, थेट 230 व्होल्टवर. स्वस्त आहे, उजेडही छान पडतो. पण कपॅसिटर फक्त करंट कमी करतो, माळेला घरच्या लाईनपासून वेगळं करत नाही. त्यामुळे माळेच्या कुठल्याही उघड्या टोकाला फेज असू शकतो. भाद्रपदात कोकणातली फरशी ओलसर असते, आरतीला सगळे अनवाणी. शिवाय कपॅसिटरला समांतर रेझिस्टर नसेल, तर प्लग काढल्यावरही पिनेला बोट लागून झटका बसतो.

'एमसीबी आहे की!' असं म्हणाल, तर एमसीबी वायरिंग वाचवायला असतो. तो 6 अँपिअरचा, आणि माणसाच्या जिवावर बेतायला काही दशांश मिलीअँपिअर नाही, पण काही डझन मिलीअँपिअर पुरतात. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. तोही एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर पडेलच असं नाही.

इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्डही नीट समजून घ्या. 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये असला की शॉर्ट झालं तरी करंट अर्ध्या अँपिअरच्या आत राहतो, बल्ब पेटतो आणि चूक कळते. सर्किट वाचतं. हात लावणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग शून्य.

म्हणून सरळ 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा बीआयएस नोंदणीचा अडॅप्टर घ्या. तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये, प्रत्येकी साधारण 3 व्होल्ट म्हणजे 9. उरलेल्या 3 व्होल्टसाठी 220 ओहमचा रेझिस्टर लावला की करंट 14 मिलीअँपिअरच्या आसपास येतो. अशा कितीही ओळी समांतर जोडा, फक्त बेरीज अडॅप्टरच्या क्षमतेत ठेवा.

चालू करण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्लस-मायनस तपासा. बीप वाजला तर शॉर्ट आहे, सोल्डर बघा. मग पहिल्यांदा पॉवर देताना प्लसच्या वायरीत बाईकच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 10 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. हा आपला घरगुती सिरीज बोर्ड, आणि 12 व्होल्टवर असल्याने बराच निर्धोक. बल्ब भगभगीत पेटला तर लगेच बंद करा. न पेटता एलईडी लागले तर बल्ब काढून थेट जोडा.

तासभर चालू ठेवून अडॅप्टर आणि रेझिस्टर किती तापतात ते बघा. चटका बसण्याइतके तापत असतील, तर ती माळ कापडाच्या किंवा कागदाच्या मखरात लावू नका.