यादीचे पान आणि जुनी नोंद : मोबाइलवरील रुग्णनोंदणीतील एक दोष

अनेक वैद्यबंधूंच्या चिकित्सालयांत आता केसपेपरांच्या गठ्ठ्यांची जागा मोबाइलवरील ॲपने घेतली आहे. सोय झाली यात शंका नाही. तथापि या साधनाचे काही दोष असे आहेत की, ते कळेपर्यंत वैद्य स्वतःच्याच स्मरणशक्तीला दोष देत बसतो. त्यांपैकी एकाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक प्रसंग. आमच्या एका स्नेह्यांकडे मलावष्टंभाची एक रुग्णा येत असे. तिला रात्री एरंडतेल द्यावयाचे, असे मागील भेटीत ठरले होते. पुढील भेटीत ती गर्भिणी असल्याचे समजले. वैद्यांनी यादीतून तिचे पान उघडले, एरंडतेल काढून टाकले, 'गर्भिणी' अशी खूण केली, नोंद जतन केली आणि मागे यादीवर येऊन तोच मोबाइल औषधे देणाऱ्या मदतनीस ताईंच्या हाती दिला. यादीत मात्र नावापुढे एरंडतेल तसेच होते आणि खुणेचा पत्ता नव्हता. ताईंनी बाटली भरावयास घेतली. "डॉक्टर तर आता हे नको म्हणाले," असे रुग्णाच बोलली, म्हणून अनर्थ टळला. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्यावर यादी बरोबर दिसू लागली. नोंद जतनच झाली नसावी, असा सर्वांचा समज झाला. वस्तुतः नोंद उत्तम जतन झाली होती. यादीला ते कळले नव्हते, एवढेच.

असे का व्हावे? कल्पना करा की, केसपेपर कपाटात आहेत आणि सकाळी त्यांवरून आजच्या रुग्णांची नावे व औषधे बाहेरच्या फळ्यावर उतरवून घेतली आहेत. दुपारी केसपेपरात दुरुस्ती केली, तरी फळा आपोआप पुसला जात नाही. ॲपमधील यादी हा असाच फळा होय. नोंद एका ठिकाणी असते आणि यादी ही तिची कोणत्या तरी क्षणी घेतलेली प्रत असते.

आता ही प्रत केव्हा घेतली जाते ते पाहू. ॲपमधील पाने बहुधा एकावर एक रचली जातात. यादीवरील नावाला स्पर्श केला की, रुग्णाचे पान यादीच्या वर येते. यादी नष्ट होत नाही, खाली जशीच्या तशी पडून राहते. मागे आलो की वरचे पान निघून जाते आणि तीच जुनी यादी पुन्हा दिसते. आयफोनमध्ये पान प्रथम तयार होताना 'व्ह्यूडिडलोड' ही क्रिया एकदाच घडते, तर पान दृष्टीस पडण्यापूर्वी प्रत्येक वेळी 'व्ह्यूविलअपिअर' ही क्रिया घडते. अँड्रॉइडमध्ये 'ऑनक्रिएट' आणि 'ऑनरिझ्यूम' यांच्यांत स्थूलमानाने असाच भेद आहे. फ्लटरमध्ये 'इनिटस्टेट' एकदाच चालते. मागे परतल्याची वार्ता यादीला हवी असेल, तर प्रोग्रॅमरने तशी वेगळी तजवीज करावी लागते. माहिती आणण्याचे काम केवळ पहिल्या क्रियेत ठेवले की, वर वर्णिलेला दोष उत्पन्न होतो.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे पान दिसेल तेव्हा प्रत्येक वेळी माहिती पुन्हा आणणे. हा उपाय लक्षणांपुरताच आहे, आणि त्याचे उपद्रवही आहेत. दोनशे नावांच्या यादीत खालपर्यंत गेलेला वैद्य मागे येतो, तो थेट पहिल्या नावावर. खेड्यात नेटवर्क मंद असेल, तर पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या परवानगीची लहानशी चौकट येऊन गेली तरी 'ऑनरिझ्यूम' घडते, म्हणजे विनाकारण पुन्हा फेरा. उलट आयफोनवर २०१९ साली आलेल्या आयओएस १३ पासून पत्त्यासारखे खालून वर येणारे पान बंद केले असता, खालच्या पानाचे 'व्ह्यूविलअपिअर' घडतच नाही. तेथे हा उपाय मुळातच लागू पडत नाही. सर्वांत फसवा प्रकार निराळाच आहे. जतन करण्याची आज्ञा अद्याप सर्व्हरपर्यंत पोहोचत असतानाच यादीने माहिती मागितली, तर ताजी म्हणून जुनीच नोंद हाती येते! असा दोष दहांतून एखाद्या वेळी दिसतो आणि दाखवू गेले असता दिसत नाही.

निदानपरिवर्जनाचे महत्त्व वैद्यांना सांगावयास नको. येथे हेतू असा की, एकाच नोंदीच्या दोन स्वतंत्र प्रती दोन पाने बाळगून आहेत. म्हणून खरी चिकित्सा म्हणजे नोंदीचे एकच प्रमाणस्थान ठेवणे, आणि यादीने स्वतःची प्रत न बाळगता त्या स्थानावर सतत दृष्टी ठेवणे. मोबाइलमध्येच एस्क्यूलाइट नावाचा लहान माहितीसंचय असतो. रुग्णाचे पान दुरुस्ती तेथे लिहिते. यादी तेथूनच वाचते. तेथे बदल होताच यादीला आपोआप सूचना मिळते. मागे येण्याची वाट पाहावी लागत नाही, खाली झाकलेली असतानाच यादीपाशी नवी नोंद सिद्ध असते. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१७ साली पुढे आणलेली 'रूम' ही व्यवस्था हेच करते. अर्थात तिलाही मर्यादा आहे. कोणत्या रुग्णाची नोंद बदलली हे ती पाहत नाही. त्या तक्त्यात काहीही बदलले की संपूर्ण प्रश्न पुन्हा विचारते. म्हणून जुनी व नवी यादी ताडून केवळ बदललेल्या ओळी रंगवण्याचे काम 'डिफयूटिल' करते. त्यामागील गणिती रीत यूजीन मायर्स यांनी १९८६ साली मांडलेली आहे. ओळी अशा ताडून बदलल्या की यादी उडी मारत नाही, वैद्य होता तेथेच राहतो.

ही तुलना कशावरून करावी, हा प्रश्न किरकोळ वाटेल. तसा तो नाही. प्रत्येक रुग्णाला कायमचा नोंदणी क्रमांक हवा. नावावरून ओळख ठेवली, तर एकाच गावातील दोन सुनीता पाटील एकमेकींत मिसळतात. यादीतील स्थानावरून ठेवली, तर मध्ये एक नाव वाढताच तिसऱ्या ओळीला स्पर्श केला असता भलत्याच रुग्णाचे पान उघडू शकते. हा दोष जुन्या यादीहूनही घातक म्हटला पाहिजे.

येथवर एका मोबाइलचा विचार झाला. वैद्यांचा मोबाइल आत व ताईंचा बाहेर, असे असेल तर एका यंत्रातील माहितीसंचयावर दृष्टी ठेवून दुसऱ्याचे भागत नाही. तेथे सर्व्हरने बदलाची सूचना धाडावी लागते, किंवा ठरावीक काळाने विचारणा करावी लागते. बोटाने यादी खाली ओढून ताजी करण्याची रीत सर्वांस परिचित आहे. लॉरेन ब्रिक्टर यांनी २००९ च्या सुमारास ट्वीटी या ॲपमध्ये ती प्रथम रूढ केली. ही रीत असावीच, परंतु ती पूरक म्हणून. औषध देणाऱ्याने यादी ओढावयाचे विसरू नये, या भरवशावर रुग्णाची सुरक्षितता ठेवता येत नाही. शिवाय नेटवर्क नसताना जुनी यादी दाखवणे योग्यच आहे, मात्र 'सकाळी १०.१५ पर्यंतची माहिती' असे त्यावर ठळक लिहिलेले असावे.

नवे ॲप घेण्यापूर्वी हे सर्व पाच मिनिटांत पारखता येते. खोट्या नावाचा एक रुग्ण नोंदवावा. यादीत बरेच खाली जाऊन त्याचे पान उघडावे, एक औषध बदलून मागे यावे. ओळ बदलली का, आणि आपण त्याच ठिकाणी आहोत का, हे पाहावे. नाव शोधून काढलेल्या अर्धवट यादीतूनही हाच प्रयोग करावा. पुष्कळ ॲपे येथे नापास होतात. मग मोबाइल एरोप्लेन मोडवर टाकून दुरुस्ती करावी, आणि नेटवर्क परत आल्यावर दुसऱ्या मोबाइलवर ती किती वेळाने उमटते ते घड्याळ लावून मोजावे.

आमच्या स्नेह्यांच्या ॲपमध्ये ही दुरुस्ती पुढे झाली. ती होईपर्यंत त्यांनी चिकित्सालयात एक नियम घातला होता : यादी पाहून औषध द्यावयाचे नाही, प्रत्येकाचे पान उघडून द्यावयाचे. दुरुस्तीनंतरही तो नियम त्यांनी काढलेला नाही.