फायबरची सळई: १०च्या जागी ८ चालेल का?

घर बांधणाऱ्यांकडून हल्ली हमखास येणारा प्रश्न : लोखंडाऐवजी फायबरच्या सळया टाकल्या तर? विकणारा सांगतो, वजनाला पाव, ताकदीला जास्त, गंज नाही, म्हणून १० मिमीच्या जागी ८ मिमी टाका. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत. गोची चौथीत आहे.

आधी पैसे. १२ मिमीची स्टीलची सळई मीटरला ०.८९ किलो भरते. काचतंतूंची, म्हणजे जीएफआरपीची, साधारण पाव किलो. म्हणजे किलोचा भाव तिप्पट असला तरी मीटरमागे ती स्वस्तच. त्यामुळे भाव नेहमी मीटरचा विचारायचा.

मग अडतं कुठे? ताठपणात. ताकद म्हणजे तुटेपर्यंत किती ओढ सोसते ते. ताठपणा म्हणजे ओढल्यावर किती कमी ताणते ते. स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक २०० गिगापास्कल, जीएफआरपीचा साधारण ४५ ते ६०. म्हणजे तेवढ्याच जाडीची सळई तेवढ्याच ओढीला तीन-चारपट जास्त ताणते. स्लॅब कोसळत नाही, पण झोळतो, भेगा रुंदावतात. ते आवरायला सळया वाढवा, नाहीतर स्लॅब जाड करा. दोन्हींत मीटरमागची बचत गळून जाते. अन् आपण तर उलट ८ मिमी टाकायला निघालोय!

शिवाय ही सळई साइटवर वाकवता येत नाही. रिंगा, हूक सगळं कारखान्यातूनच घडवून आणायचं, आणि वाकलेल्या जागी ताकद कमीच. ड्रॉइंग बदललं की फिटर हातावर हात ठेवून बसणार. स्टील तुटण्याआधी लांबतं, भूकंपाची ऊर्जा पचवतं; ही मात्र इशारा न देता तुटते. आगीत रेझिन लवकर मऊ पडतं, तो मुद्दा वेगळाच. घराच्या बीम-कॉलममध्ये मी तरी ती सुचवणार नाही.

पण खारं पाणी जिथे स्टील खातं तिथे हिशेब फिरतो. कॅनडात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून तिथल्या पुलांच्या स्लॅबमध्ये जीएफआरपी वापरतात. कोकण किनाऱ्यावरच्या धक्क्याला, समुद्रालगतच्या भिंतीला हेच लागू. एमआरआयच्या खोलीत ती चुंबकाला त्रास देत नाही. भुयारी मेट्रोत बोगदा खोदणारं यंत्र जिथून भिंत फोडून आत शिरतं तिथे ती मुद्दाम घालतात, कारण यंत्र तिला कापू शकतं.

घरापुरतं बोलायचं तर अंगणातला, जमिनीवर टेकलेला काँक्रीटचा थर ही तिची जागा. तिथे झोळायला खाली पोकळीच नसते.